हजरत उमर आणि गोरगरिबांचा हक्क



इस्लाममध्ये गोरगरिबांची काळजी कशी घेतली जाते आणि राज्यकर्त्याची करुणा म्हणजे काय, या विषयावर आम्हाला बोलायला सांगितले आहे. आम्ही मौलवी नाही, प्रोफेसरही नाही. गिरणीत साचे चालवता चालवता जे वाचलं, चाळीतल्या मुसलमान शेजाऱ्यांकडून जे ऐकलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. विषय मोठा आहे, म्हणून एकाच माणसाबद्दल बोलतो. इ.स. ६३४ ते ६४४ अशी दहा वर्षे राज्य करणारे दुसरे खलिफा, हजरत उमर.

आधी पाया समजून घेऊ. पैगंबर स्वतः अनाथ. जन्माआधी बाप गेला, सहाव्या वर्षी आई गेली. त्यांनी दिलेल्या धर्मात जकात हे सक्तीचे कर्तव्य आहे. आपल्याकडचे मुसलमान साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा हिशेब धरतात. तेवढी शिल्लक वर्षभर राहिली, तर शेकडा अडीच रुपये काढून द्यायचे. कुणाला द्यायचे, तेही कुराणाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. गरीब, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी, गुलामीतून सोडवायचा माणूस, अशी एकूण आठ खाती आहेत. श्रीमंताच्या मालमत्तेत वंचिताचा ‘हक्क’ आहे, असे कुराण म्हणते. मित्रहो, मोर्च्यात आपण ‘हक्क’ म्हणून ओरडतो ना, तो शब्दच मुळी अरबीतून आपल्याकडे आला आहे! भीक वेगळी आणि हक्क वेगळा.

आता उमर यांच्याकडे येऊ. इ.स. ६३९ च्या सुमारास अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. जमीन करपून राखेसारखी झाली, म्हणून त्याला ‘राखेचे वर्ष’ म्हणतात. उपाशी माणसांच्या झुंडी मदिनेत आल्या. उमर यांनी सीरिया आणि इराककडून धान्य मागवले आणि मोठमोठ्या कढया चढवून लोकांना जेवू घातले. आणि स्वतः काय केलं? लोकांना मिळेपर्यंत तूप आणि मांस खायचं नाही, अशी शपथ घेतली. तेल-भाकरी खाऊन अंगाचा रंग काळवंडला, असे जुने ग्रंथ सांगतात. त्या वर्षी जकातीची वसुली थांबवली. चोरीला हात तोडण्याची शिक्षा होती, तीही थांबवली. पोट जाळत असेल तर माणूस चोरी करणारच. तिथे गुन्हेगार कोण, भुकेला की त्याला उपाशी ठेवणारा?

आणखी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. सरकारी खजिन्यातून म्हणजे बैतुलमालमधून मुलांना भत्ता मिळायचा, पण मूल अंगावरचं दूध सोडल्यावरच. एका रात्री उमर यांनी एक तान्हं मूल सारखं रडताना ऐकलं. चौकशी केली तर आई म्हणाली, भत्ता लवकर मिळावा म्हणून दूध तोडते आहे. तिला माहीतही नव्हतं की समोर खलिफाच उभा आहे. उमर यांना रडू आवरेना. आपल्याच नियमानं किती लेकरांचा जीव घेतला, असं त्यांना वाटलं. सकाळी हुकूम निघाला की भत्ता जन्मापासून द्यावा. बाईला दोन नाणी देऊन मोकळं होता आलं असतं. त्यांनी नियमच बदलला. करुणा म्हणतात ती ही!

तिसरी गोष्ट एका म्हाताऱ्या ज्यू माणसाची. तो दारोदार भीक मागत होता. बिगर-मुसलमानांवर जिझिया कर होता आणि तो भरण्यासाठीच हा मागत होता. उमर यांनी त्याला घरी नेले, काही दिले, मग खजिन्याच्या माणसाला निरोप धाडला. तरुणपणी याच्याकडून घ्यायचं आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडायचं, हा न्याय नव्हे, असा त्याचा अर्थ होता. त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा कर माफ झाला.

गिरणी कामगारांनो, ही गोष्ट आपल्या काळजाला भिडते की नाही? तारुण्य साच्यापुढे गेलं, कानाचे पडदे गेले, छातीत कापूस गेला. मग गिरण्या बंद पडल्या. २०१४ साली सरकारने किमान पेन्शन ठरवली ती महिना एक हजार रुपये!

आम्ही आंधळी स्तुती करत नाही. गुलामी त्या राज्यात संपली नव्हती. पहिले खलिफा अबू बकर यांनी सर्वांना सारखा वाटा दिला होता. उमर यांनी मात्र जो आधी इस्लाममध्ये आला त्याला जास्त, अशी प्रतवारी लावली. हे खटकतं, आणि ते बोललं पाहिजे. पण राज्यकर्त्याने भूक स्वतःच्या अंगावर घ्यावी आणि दया कायद्यात उतरवावी, हे घेण्यासारखं आहे. चांगलं कुठंही असो, ते घ्यावं.

उमर यांनी हक्कदारांची नोंदवही केली होती, तिला ‘दिवाण’ म्हणत. आपणही एक वही घालू या. वस्तीत एकटी म्हातारी किती, औषधाला पैसे नसलेले किती, शाळा सुटलेली पोरं किती, हे घरोघर जाऊन लिहू या. त्यात धर्म-जात विचारायची नाही. आणि जो पुढारी म्हणवतो, त्याने वर्गणीत पहिलं नाव आपलं लिहावं आणि जेवणाच्या पंगतीत शेवटी बसावं.