जुन्या वस्तूंचें शेजघर

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण हंसतील. जुन्या बाजारांतून आणलेल्या वस्तूंनीं निजण्याची खोली कशी लावावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा ज्या खोलींत जातो, तिच्याकडे आपण दिवाणखान्याच्या मानानें फारच थोडें लक्ष देतों. दिवाणखाना पाहुण्यांसाठीं असतो, शेजघर आपल्यासाठीं असतें; आणि जें केवळ आपल्यासाठीं असतें, त्याच्या वांट्याला घरांतील मोडकें स्टूल व विटलेली सतरंजी येते.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील ताडकळस हें माझें गांव. आमच्याकडील जुनीं घरें माळवदाचीं. लांकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लांकडांची दाटी आणि वर मातीचा जाड थर. खोली केवढी असें विचारलें, तर उत्तर फुटांत मिळत नसे; 'दोन खणांची', 'तीन खणांची' असें मिळे. 1993 सालीं 30 सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि दगडमातीच्या जड भिंतींखालीं हजारों माणसें गेलीं. तेव्हांपासून माळवदाखालीं निजण्याचा धाक मराठवाड्यांतील पुष्कळांच्या मनांत बसला. पुढें सिमेंटचीं घरें वाढलीं, माळवदें उतरलीं, आणि त्यांबरोबर पलंग, पेटारे, फडताळें हीं सर्व भंगाराच्या वाटेला लागलीं. त्यामुळें आज चांगलें जुनें सागवान नव्या लांकडाच्या मानानें अल्प किंमतींत मिळूं शकतें. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार ज्यांना जवळ आहे, त्यांना तर हें सांगावयास नकोच.

जुन्या वस्तूंची थोरवी महाराष्ट्राला ज्यांनीं दाखविली, त्यांत दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचें नांव अग्रगण्य आहे. काव्यप्रांतांत 'अज्ञातवासी' या नांवानें लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे अशा वीस हजारांवर वस्तू जमविल्या. अकालीं गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें त्यांनीं पुण्यास संग्रहालय उभारलें व तें पुढें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. त्या संग्रहालयांत गेलें म्हणजे कळतें कीं, आपल्या आजीच्या हातांतील साध्या वस्तूंतही केवढें कौशल्य होतें. मात्र तेथें वस्तू पाहण्यासाठीं ठेवलेली असते. घरांत ती वापरण्यासाठीं आणावयाची असते. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें माझ्या हातून जी चूक घडली, ती आज सांगावयाची आहे.

गेल्या वर्षीं माझी थोरली बहीण, आमची अक्का, कायमची आमच्याकडे राहावयास आली. यजमान गेल्यानंतर ती एकटी पडली होती. वय पंचाहत्तरीच्या घरांत. तिच्यासाठीं दोन खणांची मागली खोली रिकामी केली आणि ती जुन्या वस्तूंनींच सजवावयाची असें मीं ठरविलें; कारण नव्या गुळगुळीत सामानांत तिला परकें वाटेल, ही माझी समजूत. परभणीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानांत मला सागवानी पलंग मिळाला. कातीव पाय, डोक्याशीं कोरीव वेलपत्ती, मच्छरदाणीचे चार दांडे! ज्यानें पाहिला त्यानें वाहवा केली.

चौथ्या दिवशीं पहांटे मी सहज मागल्या खोलींत डोकावलों. अक्का पलंगाखालीं, गार फरशीवर गोधडी अंथरून निजली होती. मीं विचारलें तेव्हां प्रथम तिनें टाळाटाळ केली. मग म्हणाली, "पलंग लई चांगला हाय रे. पण रातच्याला उठावं तर पाय भुईला लागत न्हाईत. पडले बिडले तर तुमच्याच जिवाला घोर. तू एवढ्या हौसेनं आणलास, तुला कसं सांगावं?"

श्रोतेहो, तें ऐकून मी खजील झालों. चाळीस मुलांच्या वर्गांत कोणाला फळा दिसत नाहीं, हें मी ओळखीत असें. आणि घरांतील एका माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहींत, हें मला दिसलें नाहीं. त्याहून वाईट हें कीं, आश्रयाला आलेलें माणूस तक्रार करीत नसतें. तें गुपचूप जमिनीवर निजतें.

त्या सकाळीं मीं टेप घेतली. जमिनीपासून गादीच्या पृष्ठापर्यंत उंची भरली 25 इंच. अक्काच्या गुडघ्याच्या मागील खोबणीपर्यंत 16 इंच. सुतारास बोलाविलें. तो म्हणाला, "गुरुजी, पाय कापले तर याची किंमत राहायची न्हाई." क्षणभर माझाही जीव अडखळला. परंतु किंमत कोणासाठीं राखावयाची? चारही पाय 9–9 इंच कापविले. आतां ती पलंगावर बसली म्हणजे तिच्या टांचा जमिनीवर पुऱ्या टेकतात. कापलेले चार तुकडे तिच्या पत्र्याच्या ट्रंकेखालीं दिले. पावसाळ्यांत फरशीची ओल ट्रंकेला लागत नाहीं.

यावरून मला जो नियम मिळाला तो असा: आधीं निजणाऱ्या माणसाचें माप घ्यावें, मग खोलीचें, आणि वस्तूचें सर्वांत शेवटीं. या नियमानें पाहूं लागल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप सुचल्या. पलंगालगतच्या भिंतींतील देवळी कोणीं तरी गिलाव्यानें बुजविली होती. ती मोकळी केली. अंथरुणांतून हात पोंचेल अशा त्या जागीं तांब्या, चष्मा व विजेरी राहते. माळ्यावरचा जुना कंदील पुसून त्यांत मंद, पिवळसर प्रकाशाचा लहान एल. ई. डी. दिवा बसविला. मात्र वायर व होल्डर नवेच घेतले. जुनेपणाची हौस विजेच्या बाबतींत करूं नये. पलंगापासून दारापर्यंतची वाट पूर्ण मोकळी ठेवली. तेथें शोभेसाठीं मांडलेला पितळी हंडा उचलून अंगणांत नेला.

जुनें लांकूड घेतांना तें नीट पारखावें. टांचणीच्या टोंकाएवढीं भोकें दिसलीं, तर वस्तू पंधरा दिवस काळ्या कागदावर ठेवावी. खालीं पिठासारखा ताजा भुसा पडला, तर आंत कीड जिवंत आहे असें समजावें. ठोकून पाहतां आवाज पोकळ आला किंवा मातीच्या रेषा दिसल्या, तर वाळवीचा संशय धरावा. पलंगाच्या खांचा विजेरीनें तपासाव्या. काळे ठिपके ही ढेकणांची खूण. ढेकूण अन्नावांचून कित्येक महिने जगतो, म्हणून 'पलंग फार दिवस रिकामा होता' या आश्वासनावर विसंबूं नये. सुमारें 50 अंश सेल्सिअस उष्णता खांचेंत आंतपर्यंत पोंचून तासदोन तास टिकली, तर तो अंड्यांसह मरतो. सांध्यांत उकळतें पाणी ओतावें. केवळ उन्हावर भरंवसा ठेवूं नये, आणि घासलेट तर घरांत मुळींच शिंपडूं नये.

जुन्या तेलरंगाविषयींही सावध असावें. पूर्वीच्या रंगांत शिसें पुष्कळ असे. 2016 सालच्या केंद्रीय नियमांनीं घरगुती रंगांतील शिशास दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा घातली आणि ती 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वींचा रंग कोरडा घांसून धूळ उडवूं नये. लहान मुलांच्या मेंदूला ती फार अपायकारक असते. आणि कोणाचीही वापरलेली गादी विकत आणूं नये. घरचीच जुनी कापसाची गादी असेल, तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून नव्या खोळींत भरून घ्यावी.

राहतां राहिली गोधडी. खरें पाहतां महाराष्ट्रांतील शेजघरांत जुन्याचा सर्वांत सुंदर उपयोग आपल्या आजींनींच करून ठेविला आहे. आमच्या आईचीं दोन इरकली लुगडीं ट्रंकेंत पडून होतीं. त्यांचे पडदे करावे, असा माझा बेत. या खेपेस मात्र मीं अक्काला आधीं विचारलें. ती म्हणाली, "पडदा कशाला? आईचं लुगडं अंगावर घ्यावं." तिनें आणि माझ्या पत्नीनें दुपारीं दुपारीं बसून महिनाभरांत गोधडी शिवली. कांठ चारही कडांना लावले. त्या महिन्यांत दोघींचें जें बोलणें झालें, तें आधींच्या तीस वर्षांत झालें नसेल.

आपल्या घरींही कोणासाठीं तरी खोली लावण्याचा प्रसंग येईल. वृद्ध आईसाठीं, बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठीं, शिकावयास आलेल्या पुतण्यासाठीं. खर्च थोडा असला म्हणून बिघडत नाहीं, आणि वस्तू जुन्या असल्या म्हणून तर मुळींच नाहीं. मात्र खोली लावून झाली म्हणजे त्या माणसास 'आवडली का?' असें विचारूं नका. तें 'हो' असेंच म्हणेल. तीनचार दिवस जाऊं द्या, आणि तें माणूस रात्रीं कोठें निजतें तें जाऊन पाहा.

आमची अक्का आतां पलंगावर निजते.