मांजरीच्या वाटीत काय आहे?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तुरीची, ज्वारीची पोती घरात आली की मांजरीचा मान वाढतो. एरवी तिच्याकडे कोण बघतं? दूध-भाकर नाहीतर उरलासुरला भात. आजवर ते निभावलं, कारण बाकीचं पोट ती उंदरांवर भरायची. आता पक्क्या घरात, शहरातल्या फ्लॅटमध्ये दार बंद. उंदीर नाही, वाटीत नुसती दूध-पोळी. घोटाळा इथंच होतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली एक गोष्ट दाखवून दिली. हृदय मोठं होऊन मरणाऱ्या मांजरींच्या रक्तात टॉरिन नावाचं द्रव्य कमी होतं. ते खाण्यातून दिल्यावर त्यांचं हृदय पुन्हा नीट चालू लागलं. यातल्या काही मांजरी विकतचं खाद्य खाणाऱ्या होत्या! मग कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं आणि हा आजार खूप कमी झाला. टॉरिन कमी पडलं तर मांजरीची नजरही जाते, हे 1975 मध्येच कळलं होतं.

आपल्या शरीरात टॉरिन तयार होतं, मांजरीच्या शरीरात पुरेसं होत नाही. ते मांस-मासळीत असतं, डाळ-भाकरीत नाही. मांस उकळलं की ते पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणीही तिला द्यावं. मात्र कांदा-लसूण न घालता, कारण कांद्यानं तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शाकाहारी घरात मांजरीचं तयार खाद्य आणावं. हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत.

दुसरं, औषधांचं. पॅरासिटामोल मांजरीला कधीही देऊ नका. ते निकामी करण्याची ताकद तिच्या यकृतात फार कमी असते; आपली 500 मिलिग्रॅमची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. तोंड सुजतं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावर उतारा आहे, पण वेळेत पोचलं तरच. पिसवांसाठी गाईबैलांचं गोचिडाचं औषधही तिला चोळू नका. त्यात सायपरमेथ्रिन असेल तर तिला झटके येतात. असं काही पोटात गेलं किंवा अंगाला लागलं, तर बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊनच दवाखाना गाठा. काय दिलं, किती वाजता दिलं, हे डॉक्टर आधी विचारतात.