अडीच घरांचा घोडा

बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो.
हत्ती, उंट, वजीर वाटेत प्यादं आलं की अडतात.
घोडा अडत नाही.
तो उडी मारतो.

या उडीचं एक कोडं फार जुनं आहे.
पटाच्या ६४ घरांना एकेकदाच शिवून घोडा सगळा पट फिरेल का?
फिरतो.
अशी फेरी नीलकंठ भट्टांच्या ‘भगवंतभास्कर’ ग्रंथात, नीतिमयूख या भागात सापडते.
हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं.
पुढे ते काशीला स्थायिक झालं.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला मात्र वजिरापेक्षा घोडा सोपा.
वजिराची वाट मोकळी आहे का, हे दर खेपेला पाहावं लागतं.
घोड्याला कुणी अडवतच नाही.
म्हणून प्रत्येक घरावरून त्याच्या उड्या आधीच तक्त्यात मांडून ठेवतात.
कोपऱ्यातून २, पटाच्या मध्यातून ८.
खेळताना तक्ता पाहायचा,
आपलीच मोहरी बसलेली घरं वगळायची,
आणि आपला राजा उघडा पडत नाही ना, तेवढं बघायचं.

एक खोच आहे.
संगणक घरं सलग मोजतो.
एक रांग संपली, की लगेच पुढची.
त्यामुळे उजव्या कडेवरच्या घोड्याची उडी थेट डाव्या कडेला पडू शकते!
अशा खोट्या उड्या तक्ता करतानाच खोडाव्या लागतात.