खिळे आणि गोळ्या

मी अंबरनाथचा. आमच्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, तेव्हा गोळी हा शब्द मला परका नाही. १८९४ सालच्या मॉडेलची अमेरिकन विंचेस्टर ही शिकारी रायफल घ्या. तिच्यात काडतुसे बॅरलखालच्या नळीत एकापुढे एक बसतात. म्हणून गोळीचे तोंड चपटे हवे. टोकदार गोळी धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटली, तर नळीतच स्फोट व्हायचा. नुसत्या शिशाची ओतीव गोळी मऊ. ती बॅरलला शिसे फासते. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात.

छापखान्याचे खिळेही याच तीन धातूंचे! तिकडचे हौशी नेमबाज ते वितळवून गोळ्या ओतत आले. माझी पहिली कविता अशाच खिळ्यांनी छापली होती.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आणली. विनापरवाना काडतुसे बनवणे हाही गुन्हाच. पण ऑफसेट आले आणि खिळे किलोवर भंगारात गेले. शिसे काहीही व्हायला तयार असते. साचा माणूस निवडतो. उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून मी दोन किलो खिळे आणलेत. जोडाक्षरे कमी आहेत, पण एक पान नक्की जुळेल.