बोर्डिंगची भाकरी



पत्रिकेत माझा विषय ‘शिक्षण आणि मुक्ती’ असा छापलाय. संयोजकांचा विषय आहे, मी मोडणार नाही. पण मला ओळखणारे पहिल्या रांगेत बसलेत, गाडी कुठल्या फाट्याला वळणार हे त्यांना ठाऊक आहे. (हशा) भिडेवाडा, 1848, जोतीराव-सावित्रीबाई, हंटर आयोगापुढची साक्ष, हे या सभागृहात मी सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे माणूस वर्गात जेवढा मोकळा झाला त्याहून जास्त बोर्डिंगात झाला.

वर्गात पोरगं पाच-सहा तास बसतं. तिथंही त्याला वेगळं बसवता येत होतं, बसवलंही. शाळा सुटली की परत तीच आळी, तेच वाट्याला आलेलं काम. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून, ते वसतिगृहं काढत होते. ती जातवार होती, असं कुणी म्हणेल. होती! पण त्याशिवाय आईबापांनी पोरं घराबाहेर धाडलीच नसती. मागे माना हलताहेत; हलू द्या.

त्यातल्याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक मुलगा होता. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला, परतल्यावर अंघोळ कर म्हटलं तर करेना, म्हणून त्याला बाहेर काढलं, अशी हकीकत सांगतात. हे भाऊराव पाटील. 1919 ला कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं आणि चूल एक. 1927 मध्ये गांधीजींनी त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं.

आमचं बोर्डिंग फार नंतरचं, पण रीत तीच. स्वयंपाकाच्या पाळीला दोघांची जोडी. सर यादी बघून लावायचे. माझ्या खोलीतल्या पाटलाच्या पोराला जोडीदार मिळाला बौद्धवाड्यातला. भाकऱ्या तो थापायचा, कारण पाटलाच्या भाकरीचा नकाशा व्हायचा. (हशा) एकदा पाटलाच्या पोराचे वडील ज्वारीचं पोतं घेऊन आले आणि भाकऱ्या कोण थापतंय ते त्यांनी पाहिलं. बोलले काही नाहीत. चिंचेखाली बसून घरची शिदोरी खाल्ली आणि गेले. पोराला मात्र नेलं नाही! पुढंही दरवर्षी आले, दरवर्षी चिंचेखालीच जेवले. आमच्या आमटीत डाळ शोधावी लागायची, त्यामुळे त्यांचं फार नुकसान झालं असं नाही. (हशा) पण पोराच्या लग्नात तो जोडीदार पहिल्या पंगतीला बसला. म्हाताऱ्याचं मन पालटलं म्हणून नव्हे; नवरदेव हटून बसला, त्याला बसवल्याशिवाय मी बोहल्यावर चढत नाही म्हणून. हे त्याला नागरिकशास्त्राच्या पुस्तकानं शिकवलं होतं का?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. इतक्यात? बरं.

मागून एका ताईंनी विचारलंय, ‘बोर्डिंगं मुलांची, मुलींचं काय?’ मला तिकडंच यायचं होतं. नाही, खरंच यायचं होतं! (हशा) साताऱ्याच्या त्या चुलीमागे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील होत्या. पोरांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, त्यांनी दिलं. दुसऱ्यांच्या मोकळं होण्याचा खर्च घरातल्या बाईनं भरला, हे माझ्या लाडक्या सिद्धान्ताला नडतं, आणि मी ते झाकणार नाही.

आजचं सांगतो. 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क माफ झालं. चांगलं झालं. पण खोलीभाडं, मेसचं बिल? काही योजनांत त्यासाठी खात्यावर पैसे येतात. ते घेऊन मुलगी आपल्याच गावच्या, आपल्याच नात्यातल्या चौघींबरोबर कॉट घेते. पैसे पोचतात, पंगत हुकते. म्हणून माझी मागणी शाळेची नाही. प्रत्येक तालुक्याला मुलींचं एक मोठं वसतिगृह, चूल एक, पाळ्या यादीनं, आणि आमटीत डाळ.

अध्यक्ष उठलेच. बाकीचं भांडण चहाच्या टेबलावर करू.