कोरड्या नेत्रांची आग



वैशाखात मलकापूर, खामगाव, शेगाव या पट्ट्यात पारा ४० अंश ओलांडतो, हवा शुष्क होते आणि दुपारी शेतावरून परतलेल्या माणसाचे डोळे चुरचुरू लागतात. मळणीचा भुसा किंवा जिनिंगमधील कापसाची धूळ यांची त्यात भर पडते. ‘उष्णता झाली’ असे म्हणून तो गुलाबपाणी वा मध डोळ्यांत घालतो. मूळ कारण मात्र निराळेच असते.

बुबुळावर अश्रूंचे अतिशय पातळ आवरण असते. त्यात तळाशी श्लेष्मल द्रव, मध्ये पाणी व वर तेलाचा थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेवरील ग्रंथींतून येते. ते कमी पडले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. याचे विराट रूप याच जिल्ह्यातील लोणारला दिसते. तेथील पाण्याला बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. त्याची वाफ होते आणि खारटपणा वाढतो. जून २०२० मध्ये पातळी घटून क्षारता वाढली, तेव्हा लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले होते. डोळ्यांतील अश्रूही असेच अधिक खारट होऊन पृष्ठभागाला झोंबतात.

‘डोळे तर सारखे वाहतात, मग कोरडे कसे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. झोंबलेला डोळा पाण्याचा लोट सोडतो, परंतु ते टिकून राहत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही ‘शुष्काक्षिपाक’ या नावाने शुष्क नेत्रविकाराची नोंद आहे.

खरा धोका औषधाच्या दुकानात आहे. लाली चटकन घालवणाऱ्या काही थेंबांत स्टिरॉइड असते. आराम पडतो म्हणून माणूस तीच बाटली महिनोन्‌महिने वापरतो. त्याने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. केवळ चुरचुरीपायी हे मोल फार झाले!

उपाय साधे आहेत. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने मिटलेल्या पापण्या पाच-दहा मिनिटे शेकाव्यात. त्याने थिजलेले तेल पातळ होते. कुलरचा झोत तोंडावर घेऊ नये. मळणीच्या वेळी बाजूंनी बंद असलेला चष्मा लावावा. मोबाईलकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून अधूनमधून दूर पाहून त्या मुद्दाम मिटाव्यात. कृत्रिम अश्रूंचे थेंब वैद्यकीय सल्ल्याने वापरावेत. वारंवार लागत असतील तर परिरक्षकविरहित घ्यावेत.

वेदना, प्रकाश सहन न होणे, दृष्टी अंधुक होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लहान मूल सांजवेळी चाचपडत असेल तर ती ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण असू शकते. त्याला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.