तासाची, दिवसाची कचेरी

आपल्या मुलामुलींच्या हाती हुन्नर आहे. घरात टेबल मांडायला जागा नाही. म्हणून सामायिक कचेरीविषयी आम्ही बोलत आहोत. ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत अशी जागा उघडली, तेव्हा पहिला महिनाभर कोणी फिरकले नाही. आज दिवसाच्या भाड्यानेही टेबल, वीज, इंटरनेट मिळते. पण चालक बहुधा स्वतःच भाडेकरू असतो. त्याचा मालकाशी करार अनेक वर्षांचा, आपल्याशी महिन्याचा. गिऱ्हाईक आटले की तो अडचणीत. वीवर्कसारख्या बड्या कंपनीनेही २०२३ साली अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा फुकटच्या कॉफीला भुलून मोठी अनामत भरू नका. जीएसटी नोंदणीला तो पत्ता हवा असेल, तर संमतीपत्र व वीजबिलाची प्रत आधी मागा, पैसे नंतर द्या.